नऊशे चौदाचं भाडं

सगळ्यात स्वस्त कप्पा सगळ्यात वर असतो, छताला चिकटून. चाकांची शिडी लावून चढायचं, एका हाताने तोल सांभाळायचा, दुसऱ्या हाताने कुलूप उघडायचं आणि सामान डोक्यावरून आत ढकलायचं. खालच्या कप्प्याचं भाडं महिना साडेसहाशे डॉलर, वरच्याचं चारशे ऐंशी. म्हणजे तुमच्या गुडघ्यांची किंमत एकशे सत्तर डॉलर, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. ती हसतात आणि वरचाच घेतात.

क्वाय चुंग या कारखान्यांच्या भागात, एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर आमचं गोदाम आहे. खाली माशांचे गोळे बनवतात, त्यामुळे मालाच्या लिफ्टला बारा महिने तोच वास. या काउंटरवर मला अकरा वर्षं झाली. येणारा प्रत्येक जण सांगतो, दोनच महिन्यांसाठी हवाय हो. घर रंगवायचंय, सासू यायचीय, पोरगी परदेशातून परतायचीय. दोन महिन्यांसाठी आलेली ती माणसं आठ-आठ वर्षं भाडं भरत राहतात. पहिला महिना फुकट, पण कुलूप आमच्याकडूनच घ्यायचं, विमा आमच्याकडूनच काढायचा, आणि दर एप्रिलला भाडं थोडं वर सरकतं. माणूस चिडून सामान हलवेल इतकं नाही, कुरकुरत भरेल इतकंच. आमचे मालक यौ साहेब यात मुरलेले आहेत. गिऱ्हाइकाची चाल बघून ते सांगतात की हा किती वर्षं जाणार नाही.

माझा दादा क्वोक-हुंग या काउंटरवर पहिल्यांदा आला तो आई गेल्यानंतर दुसऱ्या महिन्यात.

"फुंगे," तो म्हणाला, "दुकान आवरतोय. दिव्यांचे थोडे नमुने उरलेत, टाकवत नाहीत. तुमच्यात नोकरांना सवलत असते ना?"

असते. एका माणसाला एका कप्प्यावर. मी माझी कधी वापरली नव्हती, कारण मला एवढं सामानच नाही. मी म्हटलं, घे की. नऊशे चौदा नंबरचा वरचा कप्पा रिकामा होता. चारचा आकडा आमच्याकडे कोणाला नको असतो, मरणाचा आकडा म्हणून लोक तोंड फिरवतात. दादा तर असा की वहिनीच्या भाच्याच्या साखरपुड्यात चार नंबरच्या टेबलावर बसवलं म्हणून उठून उभा राहिला होता. त्या दिवशी मात्र त्याने नंबर ऐकला आणि निमूट सही केली. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण भावाच्या सहीकडे कोण संशयाने बघतं?

सवलत धरून तीनशे नव्वद. कुलूप मी माझ्या पैशांनी दिलं. अशी मी शहाणी.

आता आईचं सांगते. आई बोटीवर जन्मली आणि पंचवीस वर्षं बोटीवरच राहिली. डोलणाऱ्या फळीवर उभी राहून भात शिजवायची, पण घरात स्टुलावर चढायचं म्हटलं की हात-पाय लटपटायचे. सरकारी वसाहतीत आम्हाला बाविसाव्या मजल्यावर घर लागलं होतं, तर बाई चाव्या परत करून आली. तीन वर्षं पुन्हा रांगेत थांबली आणि दुसऱ्या मजल्यावरचं घर घेतलं. शेवटपर्यंत ती माझ्यापाशीच होती. शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाली, "मला उंचावर ठेवू नका ग." मी म्हटलं, नाही ठेवणार.

राख ठेवायला भिंतीतला कोनाडा लागतो. सरकारी कोनाड्याला वर्षानुवर्षं रांग, आणि खासगी घ्यायचा तर घरदार विकायची वेळ. दादा म्हणाला, सीमेपलीकडे एका गावात चांगली जागा आहे, समोर तळं आहे, एक लाख साठ हजारात मिळते. आपण दोघं निम्मे-निम्मे घालू. मी ऐंशी हजार दिले. माझ्याकडे तेवढेच होते.

"तू नको येऊस," तो म्हणाला. "दोन गाड्या बदलाव्या लागतात, तुझे गुडघे हे असे. थोरला मुलगा मी आहे. सगळ्यांच्या वतीने मीच जाऊन वाकत जाईन."

आणि तो जायचा. म्हणजे मला असं वाटायचं. वर्षातून दोनदा पितरांचा सण, एप्रिलमध्ये छिंग मिंग आणि शरदात चुंग यंग. दोन्ही सणांना संध्याकाळी दादा माझ्या दारात उभा. हातात कागदी डबा, डब्यात पूजेचं भाजलेलं डुकराचं मांस, वरची कातडी कुरकुरीत. पूजेचा वाटा घरातल्या सगळ्यांनी खायचा, तो आशीर्वाद असतो. डबा माझ्या हातात देताना तो प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणायचा.

"आई जेवली. आता तू खा."

तीन सणांना मी तो डबा डोक्याला लावून खाल्ला. हाडं चोखून खाल्ली.

दोन वर्षांनी चुंग यंगच्या दिवशी मी कामावर होते. एरवी सुट्टीला माझ्या जागी हाताखालचा आ-कुन बसतो, आणि हे दादाला पाठ होतं. पण आ-कुनला वडिलांच्या थडग्यावर डोंगरात जायचं होतं. मी म्हटलं, जा बाबा, मला कुठे जायचंय, माझी आई लांब आहे.

दुपारी धुराची घंटा वाजली. आमच्याकडे आगीचं फार कडक आहे. काडी ओढायची नाही, खाणं ठेवायचं नाही, जिवंत प्राणी ठेवायचा नाही आणि मेलेलं काहीही ठेवायचं नाही. घंटा झाली की धावायचं. मी तिसऱ्या गल्लीत पोचले तेव्हा तिथे कोणी नव्हतं. टोकाचा जिन्याचा दरवाजा तेवढा हलत होता, काउंटर टाळून तिथूनच कोणी आलं-गेलं असणार. नऊशे चौदाखाली शिडी लावलेली होती. शिडीच्या वरच्या पायरीवर एका बशीत घाईने चिरडून विझवलेल्या तीन उदबत्त्या, चहाचा छोटा पेला, दोन संत्री. कुलूप उघडंच लोंबकळत होतं.

मी चढले. गुडघे ओरडत होते तरी चढले. आत दिव्यांचा नमुना नव्हता. लाल-निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नायलॉनची पिशवी होती, बाजारात भाजीवाल्या वापरतात तसली. चेन ओढली तर संगमरवरी कलश, आणि कलशावर आईचा फोटो. मीच निवडलेला.

दोन वर्षं! दोन वर्षं मी याच गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून डबा खात होते, आणि ती माझ्या डोक्यावर छताला चिकटून होती. का, तर वरचा कप्पा एकशे सत्तरने स्वस्त. त्यातही माझी सवलत. माझ्या ऐंशी हजारात या कप्प्याचं सतरा वर्षांचं भाडं निघतं, आणि बाकीचे कुठे गेले तेही मला तिथेच शिडीवर कळलं. त्याच हिवाळ्यात त्याच्या मुलाचं लग्न झालं होतं, अठ्ठावीस टेबलं, बारा पदार्थ. नव्या सुनेच्या घरात राख नको, असं वहिनीने म्हटलं असणार. त्या लग्नात मी पोटभर जेवले होते आणि दादाचं कौतुक करत घरी आले होते.

आणि गंमत बघा. बहिणीला बुडवताना त्याला काही वाटलं नाही. आईला माळ्यावर टाकताना काही वाटलं नाही. पण सणाची उदबत्ती चुकवायची मात्र त्याची छाती झाली नाही! आईचं भूत येऊन मानगुटीवर बसेल म्हणून साहेब चोरून शिडी चढले. त्या तीन काड्यांनीच त्याला पकडून दिलं.

मी पिशवीची चेन लावली, कुलूप लावलं, बशी उचलली आणि नोंदवहीत लिहिलं, "धूर, कारण सापडलं." संध्याकाळी सहा वाजता माझ्या घराची घंटा वाजली.

"काय गर्दी, काय गर्दी सीमेवर!" दादा कपाळ पुसत म्हणाला. "पायांचे तुकडे पडले. हे घे. आई जेवली, आता तू खा."

तो डबा त्याच्या तोंडावर फेकावा, असा हात शिवशिवत होता. पण ओरडून काय मिळालं असतं? तो रडला असता, पाया पडला असता, वहिनीने आजारी असल्याचं सोंग केलं असतं, आणि महिन्याभरात सगळं विसरून तो हसायला लागला असता. मला ते स्वस्तात सोडायचं नव्हतं.

"दमलास रे दादा," मी म्हटलं. "बस, चहा करते."

तो बसला आणि चहा पिऊन गेला. डबा मी कचऱ्यात टाकला.

व्हँकूव्हरला माझी मावशी राहते, आईची धाकटी बहीण, वय त्र्याऐंशी. तिला फोन करून मी सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरी, त्याला एक अक्षर बोलू नकोस. छिंग मिंगला मी येते."

पुढचं मी कायद्याने केलं. करारातलं अकरावं कलम सांगतं, मनाई असलेली वस्तू सापडली तर गिऱ्हाइकाला पत्र पाठवायचं, साठ दिवस थांबायचं, मग कंपनीने कप्पा उघडायचा. मी यौ साहेबांना खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पत्रावर सही केली. दादाने करारात बंद पडलेल्या दुकानाचा पत्ता दिला होता, म्हणजे पत्र घरी वहिनीच्या हातात पडायला नको. पत्र गेलं तसं परत आलं. साठ दिवसांनी आ-कुनने कुलूप कापलं, मी आईला खाली उतरवलं आणि घरी नेऊन खिडकीपाशी तिच्या जुन्या खुर्चीवर ठेवलं. कप्प्याला कंपनीचं पिवळं कुलूप लागलं. भाडं दादाच्या बँकेतून जात होतं, ते जातच राहिलं.

मावशी छिंग मिंगच्या दहा दिवस आधी उतरली. दादाला तिने विमानतळावरूनच फोन केला आणि सांगितलं, मी व्हँकूव्हरहून बोलतेय, सणाच्या आदल्या दिवशी पोचते, मला ताईच्या कोनाड्यावर घेऊन चल. मी शेजारी उभी होते. मागे लाऊडस्पीकरवर आमच्या कँटनीजमध्ये गाड्यांच्या घोषणा चालू होत्या, पण दादाला घाम फुटला असणार, त्याला काही कळलं नाही.

शनिवारी आम्ही दोघी सरकारी बोटीवर चढलो. राख समुद्रात सोडायला सरकार एक पैसा घेत नाही. अर्ज करायला दहनाचा दाखला लागतो, आणि तो माझ्याकडेच होता, कारण त्या दिवशी रांगेत मीच उभी होते. बोट डोलायला लागली तेव्हा मावशी म्हणाली, "ताईला झोप लागेल आता." थोरल्या मुलाने पहिल्यांदा वाकायचं असतं. पहिल्यांदा मी वाकले. मग मी आणि मावशीने मिळून आईला पाण्यात सोडलं, वर फुलांच्या पाकळ्या. मी रडले नाही. माझं अजून एक काम राहिलं होतं.

सणाच्या दोन दिवस आधी सकाळी अकरा वाजता दादा गोदामात आला. हातात तसलीच पट्ट्यापट्ट्यांची नवी पिशवी. मावशी यायच्या आत आईला कुठल्या तरी कोनाड्यात नेऊन बसवायचं असणार. माझ्याकडे बघून हात केला आणि सरळ आत गेला. तीन मिनिटांत बाहेर.

"फुंगे, माझ्या कप्प्याला पिवळं कुलूप कोणी लावलं?"

"कंपनीने. बसा."

"बसा काय? बहीण आहेस का कोण?"

"या काउंटरमागे मी कंपनी आहे. बसा."

तो हसला. मला फसवताना हसायचा तसाच. "बरं बाई, कंपनी. उघडून दे लवकर, मला गाडी गाठायचीय."

मी फॉर्म पुढे सरकवला. "आत काय आहे ते लिहायचं. लिहिलेलं आणि आतलं जुळलं तरच परत देता येतं."

त्याने झरझर लिहिलं, दिव्यांचे नमुने. मी कागद वाचला आणि परत दिला.

"नीट आठवून लिही."

"अगं, दिवेच आहेत."

"दिव्यांना उदबत्ती लावतोस?"

त्याचं पेन थांबलं. मागे म्हातारे तोंगकाका त्यांच्या सायकलचं चाक घेऊन उभे होते. ते रोज येतात, कप्पा उघडून सायकल पुसतात आणि जातात. त्यांनी चाक खाली टेकवलं.

"तू... फुंगे, घरी बोलू आपण. इथे नको."

"इथेच. कप्पा इथे घेतलास ना? लिही."

त्याने लिहिलं, घरगुती जुनी वस्तू.

"वस्तू?" मी म्हटलं. माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "वस्तू म्हणतोस तिला? मोठ्याने सांग, आत काय आहे?"

"आई," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"आई आहे आत! झालं समाधान? आई आहे!"

तोंगकाकांनी टोपी काढली. गल्लीत कोणाचा तरी कप्पा उघडत होता, तो आवाज थांबला.

"लिही मग."

त्याने लिहिलं. मी शिक्का मारला. मग हिशोब पुढे ठेवला. खोटी माहिती दिल्यामुळे नोकरांची सवलत पहिल्या दिवसापासून रद्द, महिना नव्वदप्रमाणे फरक, कुलूप कापायचा खर्च, शिवाय माझ्या खिशातून आलेल्या कुलपाची किंमत. तो न वाचता कार्ड पुढे करत होता. मी म्हटलं, वाच आणि मग भर. त्याने वाचलं आणि भरलं.

आम्ही तिसऱ्या गल्लीत गेलो. मी शिडी ढकलत आणली आणि चावी त्याच्या हातात दिली. "चढ." दादा आता एकसष्टचा आहे, पोट सुटलंय. एकेक पायरी धापा टाकत चढला. पिवळं कुलूप काढलं, दार उघडलं आणि हात आत घातला. कोपऱ्यापर्यंत घातला, खांद्यापर्यंत घातला.

आत काही नव्हतं. वाळून टणक झालेली दोन संत्री होती, ती मीच ठेवली होती.

"फुंगे," तो वरूनच म्हणाला, "आई कुठे आहे?"

हे वाक्य ऐकायला मी साडेपाच महिने थांबले होते.

"लांब आहे," मी म्हटलं. "गर्दी फार असते, दोन गाड्या बदलाव्या लागतात, तुझे पाय दुखतील. तू नको जाऊस. सगळ्यांच्या वतीने मी जाऊन वाकून आले."

"कुठे, ते तरी सांग ना ग! मी थोरला मुलगा आहे तिचा. मावशी उद्या येतेय, मी तिला काय दाखवू?"

"मावशी कधीच आली. ती होती माझ्याबरोबर. खाली चहाच्या हॉटेलात बसलीय, तुझी वाट बघतेय."

तो शिडीवर बसला. खरंच बसला, मधल्या पायरीवर, आणि दोन्ही हातांनी लोखंड धरलं. तो रडत होता. लहानपणी पतंग फाटला की रडायचा तसाच, तोंड उघडं टाकून. क्षणभर मला वाटलं, पुरे. मग मला आठवलं की आई हीच शिडी कशी चढली असेल, पिशवीतून, दिव्यांचे नमुने म्हणून.

मी काउंटरवर गेले. खणातून कागदी डबा काढला. सकाळी त्याच्याच घराखालच्या दुकानातून घेतला होता, जिथून तो घ्यायचा. अजून कोमट होता. परत येऊन मी तो त्याच्या मांडीवर ठेवला.

"आई जेवली," मी म्हटलं. "आता तू खा."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मावशीसमोर काय झालं ते मी बघायला गेले नाही. तिने एकच सांगितलं की तो डबा घेऊनच आला आणि उठेपर्यंत त्याने तो मांडीवरून काढला नाही. आई कुठे आहे, हे तिने त्याला सांगितलं नाही. मीही नाही.

याला आता दोन वर्षं झाली. नऊशे चौदा अजून त्याच्याच नावावर आहे, रिकामा. मला वाटलं होतं सोडेल, पण त्याने सोडला नाही. दोन्ही सणांना येतो, काउंटरवर माझ्याकडे न बघता नाव लिहितो आणि शिडी लावून चढतो. धूर करत नाही. दोन संत्री ठेवतो, उघड्या दारासमोर तीनदा वाकतो आणि खाली उतरतो. वाकायला दुसरी जागाच नाही त्याला.

दर एप्रिलला मी त्याचं भाडं वाढवते. यंदा पाचशे ऐंशी केलं. तो कुरकुरत नाही, भरतो.